आई काय सांगते, फॉर्म काय विचारतो

(द्वितीय वर्ष कला)

हिवताप रक्ताच्या थेंबात सापडतो, मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. ऑटिझमचे मात्र तसे नाही. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ हा शब्द आता रूढ झाला आहे. हा रोग नव्हे, मेंदूच्या घडणीतील जन्मजात वेगळेपण आहे, असे आज मानले जाते. मूल हाकेला ओ देत नाही, नजर देत नाही, बोलणे उशिरा येते किंवा येऊन थांबते, एकच वस्तू तासन् तास फिरवीत बसते, रोजचा क्रम मोडला की आकांत करते. हे पाहून आणि आईबापांना विचारून तज्ज्ञ आपला निर्णय देतात. म्हणजे डॉक्टरच्या टेबलावर जो पुरावा येतो, त्यातील निम्मा तरी आईच्या तोंडून आलेला असतो. मग साहजिकच प्रश्न पडतो की, सर्व देशांतील, सर्व थरांतील आईबाप सारखेच सांगतात काय? माझ्या मते नाही; आणि ते सारखे सांगत नाहीत याचा दोष आपण ‘अडाणी पालक’ या दोन शब्दांवर टाकून मोकळे होतो, ही गोष्ट मला पटत नाही.

वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण या विषयाचा सारा इतिहासच एका बापाच्या पत्रापासून सुरू होतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. तेथील एका वकिलाने १९३८ साली आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना पत्र लिहिले. पत्र ३३ पानांचे होते. मुलगा काय खातो, कोणते आकडे पाठ म्हणतो, काय फिरवतो, कोणाकडे पाहत नाही, असे सगळे त्यात होते. कॅनर यांनी पुढे १९४३ साली ११ मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातील पहिला मुलगा हाच, डोनाल्ड ट्रिपलेट. तो पुढे बँकेत नोकरीला लागला आणि दीर्घ आयुष्य जगून २०२३ साली वारला.

कॅनर यांना या अकरा मुलांचे आईबाप फार बुद्धिमान, शिकलेले, पण फारसे मायाळू नसलेले असे वाटले. तसे त्यांनी लिहिलेही. आता मी काही मानसशास्त्राची पंडित नाही, पण एक साधा हिशेब मला दिसतो. दूरच्या शहरातल्या नामांकित डॉक्टरपर्यंत त्या काळी कोण पोचणार? वकील, प्राध्यापक, डॉक्टर. ३३ पाने कोण लिहिणार? माझे वडील चौथी शिकलेले आहेत. सही करतात तीही सावकाश. त्यांच्या मुलाला तोच त्रास असता तर तो कॅनरांच्या निबंधात आला नसता, आणि मिसिसिपीच्याच कापसाच्या शेतात राबणाऱ्या एखाद्या काळ्या मजुराचे मूलही आले नाही. पोचले ते मोजले गेले, आणि मग ‘हे शिकलेल्यांच्या घरातच होते’ असे पुष्कळ वर्षे मानले गेले.

त्याहून वाईट पुढे झाले. आईचे प्रेम थंड म्हणून मूल असे होते, ही कल्पना पसरली. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. बर्नार्ड रिमलँड, जे स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते, त्यांनी त्याआधीच १९६४ साली ही समजूत खोडून काढणारे पुस्तक लिहिले होते; तरी ती लवकर मेली नाही. विचार करा, आईने विश्वासाने जे सांगायचे तेच तिच्या विरुद्ध साक्ष म्हणून वापरले जायचे. अशा वेळी कोणती आई मोकळेपणाने सांगेल?

आता फॉर्मकडे वळू. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. तिचे पहिले रूप १९९९ मध्ये अमेरिकेत तयार झाले. सुधारलेल्या रूपात २० प्रश्न आहेत आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यायचे असते. मूल बोटाने वस्तू दाखवते का, रिकाम्या कपातून पाणी प्यायचे नाटक करते का, फर्निचरवर चढते का, व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजाने बिथरते का, अशा धर्तीचे हे प्रश्न आहेत. ज्यांनी ते तयार केले त्यांचा हेतू उत्तमच होता. पण प्रश्नाच्या पोटात एक घर दडलेले असते. त्या घरात सोफा आहे, जिना आहे, धूळ ओढणारे यंत्र आहे, आणि मुलाजवळ जमिनीवर बसून त्याच्याशी बाहुलीचा खेळ खेळायला रिकामी असलेली आई आहे.

श्रीलंकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३७४ बालकांची अशी चाचणी झाली. तज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासून जी चार मुले स्वमग्न ठरवली, त्यांतील एकच प्रश्नावलीला सापडले होते. मुलांमध्ये फरक नव्हता. आयांच्या उत्तरांत ती मुले दिसली नाहीत. म्हणून तेथील संशोधकांनी नंतर छायाचित्रांची प्रश्नावली तयार केली. ‘तुमचे मूल असे करते का?’ हे शब्दांत न विचारता चित्र दाखवून विचारायचे. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. २०१८ साली भारत, जपान आणि ब्रिटन येथील पालकांना विचारलेल्या एका ५० प्रश्नांच्या प्रश्नावलीचीही तुलना झाली. सगळे प्रश्न तिन्ही देशांत सारखे उपयोगी पडले नाहीत, आणि भारतात फुकट गेलेले प्रश्न ब्रिटनपेक्षा जास्त निघाले.

यावर काहीजण लगेच म्हणतात की, आपल्याकडे मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये असे शिकवतात, म्हणून परदेशी चाचण्या येथे चालणारच नाहीत. हे मला उथळ वाटते. दीड वर्षाच्या पोराला कोणी मर्यादा शिकवत नाही. अंगावर पिताना ते आईकडे पाहते, मग ती बीडची असो की बोस्टनची. संस्कृतीचे नाव घेऊन सगळेच उडवून लावणे सोपे असते. फरक आहे तो बारीक आहे, आणि बारीक असल्यामुळेच तो निसटतो.

तो कसा निसटतो ते मी डोळ्यांनी पाहिले. (गावाचे आणि दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही.) माझी मावशी व काका ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात कोपीत राहायचे. तिला तीन मुलींनंतर मुलगा झाला. तो अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलेना. अंगणवाडीच्या ताईंनी आग्रह धरला म्हणून त्याला तपासायला नेले. बरोबर मावशीचे सासरे होते आणि कागद वाचायला मी. आमच्या वस्तीत फॉर्म आला की मला हाक मारतात. रेशनकार्डापासून पीकविम्यापर्यंत सगळे माझ्याच अक्षरात आहे. येथे मात्र मी फक्त वाचत होते आणि खुणा नर्सबाई करीत होत्या.

फॉर्म मराठीत होता, पण ते मराठी आमच्या घरातले नव्हते. ‘आपले बालक फर्निचरवर चढते का?’ मावशी म्हणाली, “फर्निचर असंल तर चढंल की.” ‘नेहमीच्या आवाजांनी अस्वस्थ होते का?’ ती म्हणाली, “ट्रॅक्टरवर टेप लावला की कान झाकतंय. तसं तर मलाबी झाकावं वाटतंय.” नर्सबाईसुद्धा हसल्या. मग आला बोटाचा प्रश्न. हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? मावशी लगेच म्हणाली, “दाखवतो की. माझा हात धरतो आन् नेऊन मडक्यावर ठेवतो. लई हुशार लेकरू हाय.” फॉर्मवर ‘हो’वर खूण झाली.

मानसशास्त्राच्या तासाला ज्यांनी लक्ष दिले असेल त्यांना येथे काय झाले ते कळेल. बोट दाखवणारे मूल वस्तूकडे पाहते आणि लगेच आईच्या तोंडाकडे पाहते. ‘तुला दिसले ना?’ असे ते न बोलता विचारते. आईचा हात अवजारासारखा धरून मडक्यावर ठेवणे ही त्याच्या उलट गोष्ट आहे, आणि तज्ज्ञ तिला स्वमग्नतेची एक ठळक खूण मानतात. मावशीने अचूक निरीक्षण केले होते आणि अचूक सांगितले होते. मी नर्सबाईंना म्हटले की, ताई, तो बोटाने नाही, हात धरून दाखवतो. त्या म्हणाल्या, रकाने दोनच आहेत. त्यांच्यावर तरी काय रागवायचे? आमच्या मागे चाळीस माणसांची रांग होती. खरे तर त्या प्रश्नावलीच्या कर्त्यांनीच दुसरी पायरी सांगून ठेवली आहे: संशयास्पद उत्तरे आली तर पालकांशी पुन्हा बोलायचे, उदाहरणे मागायची. पण सगळीकडे ‘हो’ आले तर संशय येणारच कोठून?

आणि जे फॉर्मने विचारलेच नाही ते असे होते. चहाच्या टपरीवर मावशीने मला हळूच सांगितले, “कोपीवर पंचवीस-तीस मानसं. कुनीबी उचललं तरी त्याला सारखंच. मी फडात गेले तरी रडत न्हाई, आले तरी हसत न्हाई. दिवसभर उसाचं वाढं घेतो आन् एका वळीत लावतो. कुनी मोडलं की डोकं आपटतो.” मी विचारले, मग हे आत का नाही सांगितलेस? ती म्हणाली, “आतमंदी मामंजी व्हते. थोरली पंधराची हाय. उंद्या पाव्हणे आले आन् कुनी म्हनलं की ह्यांच्या रक्तातच हाय, तर?” (पंधराव्या वर्षी पाहुण्यांची काळजी का, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

याला अज्ञान म्हणायचे का? मला तर तो चोख हिशेब वाटतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाला सांगून काय मिळणार हे तिला माहीत नव्हते. सांगून काय जाणार हे मात्र पक्के माहीत होते.

हा हिशेब काही आपल्याच मुलखाची मिरास नाही. रॉय रिचर्ड ग्रिंकर हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलीचे वडील आहेत. त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दक्षिण कोरियाचे वर्णन आहे. तेथील पुष्कळ आया ‘ऑटिझम’ हे नाव टाळून दुसरेच निदान पत्करत. त्या निदानाचा अर्थ असा की, आईने नीट माया लावली नाही म्हणून मूल बिघडले. का? कारण ऑटिझम म्हटले की वंशाला डाग, भावंडांची लग्ने अडली. आईची चूक म्हटले की डाग एकट्या आईवर, आणि शिवाय बरे होण्याची आशा. ज्या आरोपातून सुटण्यासाठी अमेरिकेतील आयांनी वर्षानुवर्षे धडपड केली, तोच आरोप कोरियातील आया घर वाचवण्यासाठी आपण होऊन डोक्यावर घेत होत्या. हे वाचताना मला टपरीवरचा तो कोपरा आठवला.

ग्रिंकर यांचा सहभाग असलेल्या चमूने मग सोलजवळच्या गोयांग शहरात सात ते बारा वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. प्रमाण २.६४ टक्के निघाले, आणि सापडलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुले साध्या शाळांत, कोणतेही निदान वा मदत नसताना बसलेली होती. मुले होतीच. सांगणे नव्हते.

उलट बाजूने अमेरिकेकडे पाहा. तेथे काळ्या कुटुंबांतील मुलांचे निदान गोऱ्यांपेक्षा उशिरा होते, हे अनेक वर्षे दिसत आले. काही पाहण्यांत काळे पालक मुलाच्या वागण्याविषयी अशा तक्रारी कमी नोंदवतात, असेही आढळले. पण सरकारी यंत्रणेने आठ वर्षांच्या मुलांची २०२० सालची जी गणना केली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केली, तीत प्रथमच काळ्या, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांतील प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त निघाले. एकंदर प्रमाण ३६ मुलांत एक असे होते. इतक्या थोड्या वर्षांत त्या मुलांच्या मेंदूंत काही बदलले असेल असे मला वाटत नाही. तपासणी त्यांच्या वस्तीपर्यंत पोचली, आणि निदान झाले तर शाळेत खास शिक्षण मिळते हे पालकांना कळले. सांगितल्याने काही हाती लागते असे दिसले की माणसे सांगतात.

आपल्याकडच्या पालकांच्या नजरेविषयी तर माझ्याजवळ एक फार चांगला पुरावा आहे. तमारा डेली या संशोधिकेने मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळूर येथील ९५ कुटुंबांशी बोलून २००४ साली निबंध प्रसिद्ध केला. भारतीय पालकांच्या लक्षात प्रथम आले ते मुलाचे माणसांत न मिसळणे. अमेरिकेतील अभ्यासांत पालक बहुधा बोलण्याच्या उशिरापासून सुरुवात करतात. आपल्याकडे ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून बोलण्याकडे काणाडोळा होतो आणि काही महिने वाया जातात, हे खरेच. पण ज्या घरात आजी, चुलती, शेजारीण यांच्या कडेवर मूल दिवसातून दहा वेळा जाते, तेथे ‘हे कोणाकडेच झेपावत नाही’ ही गोष्ट आईला आधी टोचते. मावशीनेही नेमके हेच सांगितले होते. आमच्या आयांना दिसत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

शब्दांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. नर्सबाईंनी ‘स्वमग्न’ म्हटल्यावर मावशीने मला विचारले, “मग्न म्हंजे? देवात?” तिचा काही दोष नाही; मग्न हा शब्द तिने कीर्तनातच ऐकलेला. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत २०१७ च्या सुमारास एक नवा शब्द घडवला गेला, ‘ताकिवातांगा’. त्याचा अर्थ ‘आपल्याच वेळेत आणि आपल्याच अवकाशात असलेला’ असा काहीसा आहे. तो ऐकून आई घाबरत नसेल. आपल्या शब्दाचे मी वाईट म्हणत नाही, परंतु तो परिभाषा कोशातून आला आणि कोशातच राहिला. गावात त्या मुलाला ‘मुका’, ‘खुळा’, नाहीतर ‘बाहेरचं लागलंय’ एवढेच शब्द मिळतात, आणि यांतील कोणता शब्द आई स्वतःच्या तोंडाने उच्चारेल?

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली ४० बाबींची भारतीय मोजपट्टीही तयार केली. तीत ७० पासून पुढे गुण पडले तर प्रमाणपत्राकडे वाट जाते. २०१३ पासून बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात, आणि त्यांच्या यादीतही हे नाव आहे. कागदोपत्री सगळे जागच्या जागी आहे. पण पथक येते तेव्हा ऊसतोडीची पोरे फडावर असतात.

येथे मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायचे आहे. ‘आपल्या एकत्र कुटुंबात असली मुले सहज सामावली जात, ही नावे पश्चिमेने आणली’ असे भाषणांतून ऐकू येते. सामावली जात म्हणजे काय होत असे? आमच्या वस्तीत असा एक माणूस आहे. वय पन्नाशीचे असेल. तो गुरांमागे जातो, दोन वेळा जेवतो, कोणी त्याला छळत नाही. पण त्याला शिकवताही आले असते, हे कोणाच्या मनातही आले नाही. लहानपणी मदत मिळाली तर पुष्कळ मुले बोलण्याची, नाही तर खुणांची वा चित्रांची काही वाट शोधतात. निदान उशिरा होणे म्हणजे तीच वर्षे जाणे. तेव्हा नाव नको म्हणणे हे काही संस्कृतीचे रक्षण नव्हे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, आधी आईला बोलू द्यावे आणि मग फॉर्म काढावा. ‘काल सकाळपासून याने काय काय केले ते सांगा’ हा एक प्रश्न वीस प्रश्नांआधी विचारावा. सासरे, दीर, शेजारी यांना दहा मिनिटे बाहेर बसवावे. आजीला वेगळे विचारावे, कारण तिने सात-आठ पोरे वाढवलेली असतात आणि तुलना तिच्याजवळ तयार असते. व्हॅक्यूम क्लीनरच्या जागी गिरणी आणि फर्निचरच्या जागी बाज किंवा बैलगाडी लिहायला काही संशोधन लागत नाही. हात धरून नेणे आणि बोट दाखवणे यांतील फरक मात्र चित्र काढूनच दाखवला पाहिजे.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी दत्तक गावात होते. आपण बंधारा घालतो, देवळाचे आवार झाडतो, रात्री पथनाट्य करतो. यंदा त्यांतील दोन दुपारी अंगणवाडीत बसून काढाव्यात, असे मी सुचवले आहे. आपण काही निदान करायचे नाही; तो आपला अधिकार नाही. फक्त लहान मुलांच्या आया आणि आज्या मुलांविषयी जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, कोणाचेही नाव न घालता, आणि ती वही अंगणवाडीच्या ताईंमार्फत तपासणी पथकाला द्यायची. कार्यक्रमाधिकारी सरांनी होकार दिला आहे. अट एकच घातली आहे की, शिबिर दिवाळीपूर्वी घ्यावे लागेल. तोडीच्या टोळ्या त्यानंतर गावात नसतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे मानसशास्त्र विभागात द्यावीत. मुली जास्त लागतील.